शेजारचं खोकं सापडत का नाही? जेक्वेरीतले नेक्स्ट, सिब्लिंग्ज आणि क्लोजेस्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीसाठी मेंटेनन्सच्या बिलांचं पान जेक्वेरी (जावास्क्रिप्टची एक लायब्ररी) वापरून केलंय. टेबलात प्रत्येक फ्लॅटची एक ओळ. ओळीत फ्लॅट नंबर, रकमेचं खोकं, त्याला लागून ‘रुपये’ लिहिलेला छोटा स्पॅन, ‘भरले’चा चेकबॉक्स आणि शेवटच्या कॉलमात ‘पावती’चं बटण. अडचणी दोन. बटण दाबल्यावर $(धिस).प्रेव्ह('.रक्कम').व्हॅल() लिहिलं की अनडिफाइन्ड येतं. आणि रकमेच्या खोक्यावरून $(धिस).नेक्स्ट('.एकक') म्हणून तो स्पॅन लाल करायचाय, ते पान उघडल्यावर व्यवस्थित चालतं, पण एकदा चुकीचा आकडा टाकून दुरुस्त केला की तेवढ्या ओळीपुरतं बंद पडतं. रिफ्रेश केलं की परत चालू. फॉर्म तपासायला जेक्वेरी व्हॅलिडेशन प्लगइन लावलेलं आहे.

(मेथडची आणि टॅगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, कोडमध्ये त्यांचं नेहमीचं स्पेलिंग टाका.)

पहिल्या अडचणीचं उत्तर एका ओळीत: बटण आणि रकमेचं खोकं शेजारी नाहीतच. स्क्रीनवर ते एकाच रांगेत दिसतात, पण बटण त्याच्या टीडीत (टेबलातल्या कप्प्यात) आहे आणि खोकं दुसऱ्याच टीडीत. जेक्वेरी शेजार ठरवते तो पेरेंटवरून, म्हणजे एलिमेंट ज्या टॅगच्या आत बसलाय त्यावरून. ज्यांचा थेट पेरेंट एकच, तेवढेच एकमेकांचे शेजारी. तुमच्या बटणाच्या टीडीत बटणाशिवाय काहीच नाही, म्हणून त्याला पुढेही कोणी नाही आणि मागेही कोणी नाही. मिळतो तो रिकामा सेट, आणि रिकाम्या सेटवर व्हॅल() विचारलं की अनडिफाइन्ड.

इथे जेक्वेरीचा एक स्वभाव आधी ओळखून घ्या. तिला काही सापडलं नाही तर ती तक्रार करत नाही. रिकाम्या सेटवर अ‍ॅडक्लास() करा, हाइड() करा, कन्सोलमध्ये लाल अक्षर उमटणार नाही. टेक्स्ट() तर अनडिफाइन्डसुद्धा देत नाही, रिकामी स्ट्रिंग देते. त्यामुळे चूक एका ठिकाणी होते आणि दिसते भलत्याच ठिकाणी. समजा तुमची सोसायटी थकबाकीवर वर्षाला २१ टक्के सरळ व्याज लावते. तो हिशेब तुमच्या पानात असेल तर अनडिफाइन्ड गुणिले २१ भागिले १०० म्हणजे एनएएन (‘हा आकडाच नाही’), आणि तेच पावतीवर छापून सेक्रेटरींच्या हातात जाणार. म्हणून एलिमेंट शोधून काही आकडा काढायचा असेल तिथे आधी लेंग्थ तपासा आणि शून्य असेल तर स्वतःहून कन्सोलमध्ये ओरडा.

आता नेक्स्ट() नेमकं काय करतं ते बघू, कारण दुसरी अडचण तिथली आहे. उदाहरणाला ट्रान्स-हार्बरची स्टेशनं घेऊ. एका यूएलमध्ये (यादीच्या टॅगमध्ये) एलआय (यादीतले घटक) असे आहेत: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. पुढे गाडी वाशीला जाते किंवा नेरूळकडे, म्हणून तुर्भेच्या एलआयला ‘फाटा’ असा क्लास दिलाय.

$('#ठाणे').नेक्स्ट() म्हटलं की दिघा गाव मिळतं. यात कोणाचं दुमत नसतं. पण $('#ठाणे').नेक्स्ट('.फाटा') म्हटलं की काय मिळेल? आमच्या महापेच्या ऑफिसात नवीन मुलं आली की मी हे हमखास विचारतो आणि बहुतेकांचं उत्तर ‘तुर्भे’ असतं. मिळतं काहीच नाही. कंसात दिलेला सिलेक्टर शोधायला नसून चाळायला आहे. जेक्वेरी फक्त लगेच पुढचा एक एलिमेंट घेते, त्याला फाटा क्लास आहे का बघते, नसेल तर रिकाम्या हाताने परत येते. पुढे चालत जात नाही. प्रेव्ह()चंही अगदी तसंच. ‘पुढे कुठेही असला तरी पहिला फाटा द्या’ असं म्हणायचं असेल तर:

$('#ठाणे').नेक्स्टऑल('.फाटा').फर्स्ट()

यात फर्स्ट() मेथड वापरा. सिलेक्टरमध्येच ':फर्स्ट' लिहिण्याची पद्धत चालते, पण ३.४ आवृत्तीपासून जेक्वेरीने ते सगळे स्थानदर्शक फिल्टर मोडीत काढायच्या यादीत टाकलेत.

प्रेव्हऑल()मध्ये आणखी एक खाच आहे. $('#तुर्भे').प्रेव्हऑल() जवळच्याकडून लांबच्याकडे जातं. म्हणजे पहिलं कोपरखैरणे आणि शेवटचं ठाणे. जवळचा हवा असेल तर फर्स्ट() बरोबरच आहे, पण त्याच सेटवर ईच() फिरवून नावं छापली तर यादी उलटी येते.

नेक्स्टअनटिल() हा माझा आवडता, आणि लोक तो वापरत का नाहीत हे मला कळत नाही. $('#ठाणे').नेक्स्टअनटिल('#तुर्भे') दिघा गाव ते कोपरखैरणे अशी पाच स्टेशनं देतं, दोन्ही टोकं वगळून. ठाणंही हवं असेल तर पुढे .अ‍ॅडबॅक() जोडा, तुर्भेही हवं असेल तर .अ‍ॅड('#तुर्भे'). जुन्या कोडमध्ये अ‍ॅडबॅकऐवजी अँडसेल्फ दिसेल, ते ३.० मध्ये काढून टाकलंय, त्यामुळे आवृत्ती वाढवली की तिथे एरर येते. डीएल-डीटी-डीडीच्या रचनेत, म्हणजे एका मथळ्याखाली दोन-चार मजकूर असतात तिथे, नेक्स्टअनटिल('डीटी') इतकं चपखल दुसरं काही नाही. एकच सांभाळा: थांबायचा सिलेक्टर चुकला तर ते थांबतच नाही, शेवटच्या एलिमेंटपर्यंत सगळं गोळा करतं.

आता याच यादीतलं दिघा गाव बघा. हे स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्याआधी ठाण्याचा नेक्स्ट() ऐरोली होता. कोणी ‘ठाण्याच्या पुढचं म्हणजे ऐरोली’ असं धरून कोड लिहिला असेल, तर एक एलआय मध्ये आल्याबरोबर तो कोड ऐरोलीचा मजकूर दिघ्याच्या नावावर दाखवू लागला असेल, तेही एररशिवाय. ज्याने नेक्स्टऑल('#ऐरोली') लिहिलं, किंवा सरळ आयडीने उचललं, त्याला काही फरक पडला नाही.

तुमच्या दुसऱ्या अडचणीत हेच झालंय, फक्त तुमच्याकडचं स्टेशन प्लगइनने बांधलंय. जेक्वेरी व्हॅलिडेशनला एररचा मजकूर कुठे ठेवायचा हे सांगितलं नसेल तर तो ज्या खोक्यात चूक आहे त्याच्या लगेच नंतर एक लेबल घुसवतो, क्लास ‘एरर’. म्हणजे पान उघडल्यावर क्रम होता खोकं, एकक. चुकीचा आकडा टाकल्यावर झाला खोकं, एररचं लेबल, एकक. आकडा दुरुस्त केल्यावर ते लेबल जातं असं आपल्याला वाटतं, पण ते फक्त लपतं. मजकूर रिकामा, डिस्प्ले नन, आणि एलिमेंट जागच्या जागी. नेक्स्ट()ला लपलेलं आणि दिसणारं यातला फरक कळत नाही. त्याला लगेच पुढे लेबल दिसतं, ते ‘.एकक’ नाही, म्हणून रिकामा सेट. रिफ्रेश केल्यावर लेबल उरत नाही आणि कोड पुन्हा शहाण्यासारखा वागतो. त्या ओळीतल्या खोक्यावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट केलंत तर ते लेबल तुम्हाला समोर दिसेल.

असे आगंतुक पुष्कळ आहेत. सिलेक्ट२ (ड्रॉपडाउनचं प्लगइन) मूळ सिलेक्ट लपवतो आणि त्याच्या लगेच पुढे स्वतःचा स्पॅन उभा करतो. डॉटनेटच्या एमव्हीसीत चेकबॉक्सफॉर वापरलं की चेकबॉक्सच्या मागोमाग त्याच नावाचं एक हिडन इनपुट येतं, कारण टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही आणि त्यांना ‘फॉल्स’ तर पोचवायचं असतं. तुमचं पान त्यावर असेल तर ‘भरले’च्या चेकबॉक्सवर नेक्स्ट('लेबल') कधीच चालणार नाही. डेटाटेबल्समध्ये (टेबलांचं प्लगइन) ओळ उघडून तपशील दाखवला तर तो तपशील म्हणजे पुढची एक नवी टीआर (टेबलाची ओळ) असते, आणि टेबलाच्या दुसऱ्या पानावरच्या ओळी डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरने बनवलेल्या एलिमेंटच्या झाडात, नसतातच, त्यामुळे पहिल्या पानाच्या शेवटच्या ओळीला नेक्स्ट नाही. डिझायनरने जागा सोडायला टाकलेला एक बीआरसुद्धा एलिमेंटच आहे. मोकळी जागा, साधा मजकूर आणि कॉमेंट मात्र नेक्स्ट() मोजत नाही, तेवढी मेहेरबानी आहे. शुद्ध जावास्क्रिप्टमधल्या नेक्स्टसिब्लिंगवरून इकडे आलेल्यांची इथे उलटी फसगत होते: तिथे दोन टॅगमधली नवी ओळसुद्धा एक नोड म्हणून हातात येते. साधा मजकूर पकडायचाच असेल तर पेरेंटवर कंटेंट्स() आहे.

ब्राउझर स्वतःही ढवळाढवळ करतो. तुम्ही टेबलात थेट टीआर लिहिलीत तर तो मध्ये टीबॉडी घालतो. म्हणून ‘टेबल > टीआर’ हा सिलेक्टर काही देत नाही. मथळ्याची ओळ टीहेडमध्ये आणि फ्लॅट नंबर १०१ ची ओळ टीबॉडीत असेल तर त्या दोन ओळी एकमेकींच्या शेजारी नाहीत. मथळ्याच्या ओळीवर नेक्स्ट() म्हटलं तर रिकामं. परिच्छेदाचं तर याहून विचित्र. पी टॅगच्या आत डिव्ह बसत नाही. तुम्ही लिहिलंत तरी डिव्ह दिसताक्षणी ब्राउझर पी बंद करतो, डिव्ह त्याच्या बाहेर शेजारी येऊन बसतो आणि तुमच्या शेवटच्या बंद होणाऱ्या पीमुळे आणखी एक रिकामा पी तयार होतो. मग पीच्या आत फाइंड('डिव्ह') काही देत नाही आणि नेक्स्ट('डिव्ह') देतं. हे ‘व्ह्यू सोर्स’मध्ये कधीच दिसणार नाही, कारण तिथे तुम्ही पाठवलेला मजकूर असतो. शेजारपाजार बघायचा तो इन्स्पेक्टमधल्या झाडात.

तर मग करायचं काय? शेजारावर विसंबू नका. वर जा, जिथे दोघांचं छप्पर एक आहे तिथे थांबा, आणि तिथून खाली नावाने शोधा:

$(धिस).क्लोजेस्ट('टीआर').फाइंड('.रक्कम').व्हॅल()

बटण उद्या डावीकडच्या कॉलमात गेलं, मध्ये तीन स्पॅन आले, खोकं एका डिव्हमध्ये गुंडाळलं गेलं, तरी ही ओळ तशीच चालते. तिला फक्त एवढं हवंय की बटण आणि खोकं एकाच टीआरमध्ये असावं, आणि ते तुमच्या पानाच्या अर्थातच आहे: एक ओळ म्हणजे एक फ्लॅट. लाल करायच्या स्पॅनलाही हेच लावा. क्लोजेस्ट('टीडी').फाइंड('.एकक') लिहिलंत की व्हॅलिडेशनचं लेबल मध्ये येवो न येवो. टीआरवर अवलंबून राहायचं नसेल, म्हणजे पुढे मोबाइलसाठी टेबल काढून कार्ड करायची असतील, तर प्रत्येक ओळीला ‘फ्लॅट’ असा क्लास द्या आणि क्लोजेस्ट('.फ्लॅट') म्हणा. मी तर टॅगच्या नावापेक्षा हेच पसंत करतो.

क्लोजेस्ट() आणि पेरेंट्स() यांत गल्लत नको. क्लोजेस्ट स्वतःपासून तपासायला सुरुवात करतो आणि पहिला जुळला की थांबतो. पेरेंट्स पेरेंटपासून सुरू होतो आणि वरपर्यंत जुळणारे सगळे आणतो. टेबलाच्या आत टेबल असेल, आणि बिलांच्या पानात दर महिन्याचा तपशील दाखवायला ते असतंच, तर पेरेंट्स('टीआर') दोन ओळी आणेल आणि त्यावरचा फाइंड शेजारच्या महिन्याची रक्कमही उचलेल. पेरेंट().पेरेंट().पेरेंट() अशी साखळी दिसली तर ती नेक्स्ट()इतकीच ठिसूळ समजा.

फाइंड()बद्दलही एक सूचना: तो आत खोलवर सगळं शोधतो. फक्त थेट मुलं हवी असतील तर चिल्ड्रन().

धिसचं काय? जेक्वेरीच्या हँडलरमध्ये नेहमीचं फंक्शन लिहिलंत तर धिस म्हणजे ज्यावर घटना घडली तो एलिमेंट. अ‍ॅरो फंक्शन लिहिलंत तर धिस बाहेरचा येतो आणि $(धिस).क्लोजेस्ट() मुकाट्याने रिकामा. तिथे इव्हेंटचा करंटटार्गेट घ्या. टार्गेट नको, बटणात आयकॉन असेल आणि बोट आयकॉनवर पडलं तर टार्गेट आयकॉन असतो. नव्या ओळी नंतर जोडल्या जात असतील तर हँडलर बटणावर न लावता टेबलावर लावा, ऑन('क्लिक', '.पावती', ...) असा, आत धिस बटणच राहतं. आणि हँडलरच्या आत चुकूनही $('.पावती').क्लोजेस्ट('टीआर') लिहू नका, त्याने सगळ्याच फ्लॅटच्या पावत्या हलतात.

हे सगळं वाचून नेक्स्ट आणि सिब्लिंग्ज टाकाऊ आहेत असं मनात आणू नका. जिथे शेजार हाच अर्थ आहे तिथे तेच वापरावेत. स्टेशनांच्या यादीत ‘पुढचं स्टेशन’ म्हणजे खरोखर पुढचाच एलआय. टॅबच्या पट्टीत एक टॅब उजळवून बाकीचे विझवायचे तर:

$(धिस).अ‍ॅडक्लास('चालू').सिब्लिंग्ज().रिमूव्हक्लास('चालू')

याहून सुटसुटीत लिहिता येणार नाही. सिब्लिंग्ज() स्वतःला वगळून बाकीचे देतं. पण हे एका एलिमेंटपुरतं खरं. $('.थकीत').सिब्लिंग्ज() म्हणून ‘थकबाकी नसलेले फ्लॅट’ मिळवायला जाल, तर थकीत ओळी दोन किंवा जास्त असल्या की त्या एकमेकींच्या शेजारी ठरतात आणि सगळ्याच यादीत येतात. तिथे .नॉट('.थकीत') जोडायला हवं. खरं तर तिथे सिब्लिंग्जचं कामच नाही, टेबलावरून फाइंड करून नॉट लावा.

आणि नुसता रंग बदलायचा असेल तर आधी सीएसएसकडे बघा. ‘+’ म्हणजे लगेच पुढचा, ‘~’ म्हणजे पुढचे सगळे जुळणारे. नेक्स्ट() जसा फक्त एकच बघतो तसाच ‘+’, त्यामुळे एररचं लेबल मध्ये आल्यावर तोही तसाच फसतो. ‘~’ फसत नाही. मागच्या शेजाऱ्याला पकडायची सोय सीएसएसमध्ये कित्येक वर्षं नव्हती, ती ‘:हॅज’ने आली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्सच्या १२१ व्या आवृत्तीत तो आल्यावर सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये झाला. जेक्वेरीला स्वतःचा ‘:हॅज’ फार आधीपासून होता.

स्पीडची चिंता सोडा. सोसायटीच्या टेबलात हे काही जाणवत नाही.

‘जेक्वेरी सोडून द्यावी का’ हेही विचारलंय. जॉन रेसिगने ती २००६ मध्ये आणली तेव्हा ब्राउझरांमधले फरक झाकायला तिच्याशिवाय इलाज नव्हता. क्लोजेस्ट २००९ मध्ये १.३ सोबत आला आणि नेक्स्टअनटिल पुढच्या वर्षी १.४ मध्ये. आज क्लोजेस्ट ब्राउझरमध्ये आहे, नेक्स्ट()च्या जागी नेक्स्टएलिमेंटसिब्लिंग आहे. सिब्लिंग्जसाठी पेरेंटची मुलं घेऊन स्वतःला गाळावं लागतं आणि नेक्स्टअनटिलसाठी छोटा व्हाइल लूप. नवं पान असेल तर मी जेक्वेरी आणणार नाही. चालू असलेलं, व्हॅलिडेशन प्लगइनवर उभं असलेलं बिलांचं पान तेवढ्यासाठी उपसणार नाही. फरक एक लक्षात ठेवा: शुद्ध जावास्क्रिप्टमध्ये सापडलं नाही तर नल येतो आणि पुढचा डॉट टाकताच एरर येते. मला ते जास्त बरं वाटतं.

तुमच्या पानात तीन बदल करा. बटणाच्या हँडलरमध्ये वर दिलेली क्लोजेस्ट-फाइंडची ओळ. स्पॅनसाठी क्लोजेस्ट('टीडी'). आणि व्हॅलिडेशनला एररप्लेसमेंट देऊन लेबल टीडीच्या शेवटी टाकायला सांगा, म्हणजे ‘रुपये’ आकड्याला चिकटून राहील. सध्या चुकीचा आकडा टाकल्यावर मध्ये एरर आणि मग रुपये असं विचित्र दिसत असणारच. व्हॅल() स्ट्रिंग देतं हेही ध्यानात असू द्या. २५०० आणि ४५० ची बेरीज २५००४५० येण्याआधी नंबर() मधून काढा.

बदल करून झाल्यावर खात्री अशी करा. एका ओळीत चुकीचा आकडा टाका, दुरुस्त करा, मग इन्स्पेक्टमध्ये ते खोकं निवडा आणि कन्सोलमध्ये डॉलर-शून्य जेक्वेरीत गुंडाळून .नेक्स्ट() विचारा. निवडलेला एलिमेंट डॉलर-शून्यमध्ये असतो. आता थेट स्पॅन यायला हवा. लेबल आलं तर तुमचं एररप्लेसमेंट लागलेलं नाही, बहुधा व्हॅलिडेट() दोनदा बोलावलंय. त्याच फॉर्मवर दुसऱ्यांदा दिलेले पर्याय ते प्लगइन ऐकत नाही.